शिक्षा एकत्र भोगायची

हेल्गेसन
रविवार, १२ फेब्रुवारी २०१७

प्रिय मार्लिस,

हे पत्र हातात पडेल तेव्हा तू आणि तुझी बहीण व्हर्ना दोघी खुशाल असाल असं धरून चालते. इथे पारा शून्याखाली बावीस आहे. गाडी सकाळी दोनदा खोकली आणि तिसऱ्यांदा सुरू झाली. चर्चमध्ये आज पाळकांसकट तेहतीस माणसं होती आणि सगळ्यांनी तुझी चौकशी केली. बहिणीकडे गेलीय, तळ्यावर, हवापालटाला, असं मी सांगितलं. फेब्रुवारीत कसला हवापालट, हे कोणी विचारलं नाही. आपल्या लोकांचं हे एक बरं असतं.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे.

शुक्रवारी माझा आवाज चढला, मान्य आहे. सव्वीस वर्षं तू माझ्या कोर्टात स्टेनो आहेस आणि एवढ्या वर्षांत तो तुझ्यावर कधी चढला नव्हता. पण टेबलावर किल्ल्या ठेवून ताडताड निघून जाणं हेही तुला शोभलं नाही. एकसष्ट वर्षांची बाई तू.

मुद्दा एवढासाच आहे. मंगळवारी, सात तारखेला, मी कोडी ल्यूकनला शिक्षा सुनावली. दोन वेळा मादक द्रव्य विकलं, म्हणून दोन गुन्हे, प्रत्येकी पाच वर्षं, दोन्ही शिक्षा एकत्र भोगायच्या. म्हणजे एकूण पाच. सरकारी वकिलाने तेच मागितलं होतं, कोडीच्या वकिलाने तेच मागितलं होतं आणि आदल्या दिवशी मी माझ्या वहीत तेच लिहिलं होतं. आणि शुक्रवारी तू नोंद हातात घेऊन येतेस आणि म्हणतेस, मी 'एकत्र' नाही, 'एकापाठोपाठ' म्हणाले. म्हणजे दहा.

मार्लिस, तीस वर्षं मी शिक्षा सुनावते आहे. समोर कागद न ठेवता, माणसाच्या डोळ्यांत बघून. ज्याची वर्षं मी घेणार त्याच्याकडे बघायचं सोडून कागदाकडे बघणं मला कधी जमलं नाही, आणि त्यात माझी कधी चूकही झाली नाही. ऐकण्यात मात्र चूक होऊ शकते. त्या दिवशी हीटर खडखडत होता. डाव्या कानाची तक्रार तूच करत होतीस.

तुला नियम सांगायला नको, पण सांगते. जज तोंडाने जे बोलेल तीच शिक्षा. कागदावर काही वेगळं असलं तर कागद खोटा. खालच्या ऑफिसने हुकूम तुझ्या नोंदीवरून टाइप केला आणि मी घाईत सही करून बसले, म्हणून आता सगळं त्या नोंदीवर अडलं आहे. तू तेवढा एक शब्द दुरुस्त कर, परत ये, आणि मी झालं गेलं विसरून जाईन.

व्हर्नाला नमस्कार सांग.

तुझी,
जज रॅग्ना ट्वेट


तळ्यावरून
१४ फेब्रुवारी

जजबाई,

तुमचं पत्र मिळालं. वेगळंच होतं.

माझा डावा कान जेवणाच्या टेबलावर ऐकत नाही, कारण त्या बाजूला व्हर्ना बसते. कोर्टात दोन्ही ऐकतात.

हा शब्द मी बदलणार नाही. आजवर काय बदललं, काय नाही, ते माझं मला माहीत. पण हा नाही. त्या पोराची पाच वर्षं आहेत त्यात. नोंद खोटी करून ती परत मिळायची नाहीत. ती फक्त तुम्ही परत देऊ शकता, आणि कशी द्यायची तेही तुम्हाला ठाऊक आहे.

खालच्या ऑफिसात ऑर्डिसकडे सुनावणीची टेप असते. तिच्याकडे मागा.

तळं पुरतं गोठलंय. व्हर्ना बर्फाला भोक पाडून मासे पकडते, मी तळते. तसं वाईट चाललेलं नाही.

मार्लिस ओपडाल


हेल्गेसन
गुरुवार, १६ फेब्रुवारी २०१७

प्रिय मार्लिस,

तुझं पत्र काल मिळालं. मासे मिळताहेत हे वाचून बरं वाटलं. थंडी किंचित कमी झाली आहे. ऑर्डिसच्या सुनेला मुलगी झाली, नाव काहीतरी एव्हरली का असंच ठेवलंय. ऑर्डिस म्हणाली, "नाव वेगळं आहे." तेव्हा तिच्या मनात काय आहे ते कळलं.

मंगळवारी कोर्ट उठल्यावर जिन्यात तू मला तेच म्हणाली होतीस. "आजचं जरा वेगळंच होतं, जजबाई." या गावात जन्मलेल्या माणसाला 'वेगळं' म्हणजे काय हे समजवावं लागत नाही. केक करपला तर वेगळा. जावई दारुडा निघाला तर वेगळा. याहून कडक शब्द आपल्याकडे तोंडावर वापरत नाहीत. मला तेव्हाच कळलं होतं. मी म्हणाले, "हो, थंडी फार आहे," आणि खोलीत जाऊन दार लावलं.

आता टेपबद्दल.

काल दुपारी ऑर्डिसकडून ती मागून घेतली आणि खोलीत एकटीने ऐकली. 'एकापाठोपाठ'. स्वच्छ, ठणठणीत आवाजात. इतक्या ठाम आवाजात की समोर मी असते तर मलाही पटलं असतं. त्यानंतर अकरा सेकंद कोणी बोलत नाही, मी मोजले. कोडीचा वकील, तो पोरसवदा लिंडक्विस्ट, त्याची खुर्ची करकरते आणि थांबते. मग मागून एक बाई हळूच विचारते, "काय म्हणाल्या त्या?" कोडीची आई असणार, डार्लीन. तिला कोणी उत्तर देत नाही. आणि मग माझा आवाज येतो, पुढचं प्रकरण घ्या.

त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, मार्लिस. दोन्ही वकिलांनी पाच मागितली होती आणि मी दहा देऊन मोकळी झाले. एकही माणूस उठून उभा राहिला नाही. सगळी आपली सभ्य माणसं.

तुझ्या कानाबद्दल मी जे लिहिलं त्याची माफी मागते. अर्धवट नाही, पूर्ण.

इथे पत्र संपवलं असतं तर बरं झालं असतं. पण तुझ्या पत्रात ते एक वाक्य आहे, काय बदललं ते माझं मला माहीत. तीस वर्षं साक्षी ऐकणाऱ्या बाईला असलं वाक्य लिहून पाठवू नये. मी ऑर्डिसकडून गेल्या दोन वर्षांतल्या आणखी टेपा मागवल्या. कालपासून चौदा सुनावण्या ऐकल्या, समोर तुझी टाइप केलेली नोंद ठेवून, ओळीला ओळ लावून. नऊ ठिकाणी मी बोलले ते एक आणि तू लिहिलंस ते दुसरं. जूनमध्ये ज्युरीला एकच सूचना मी दोनदा दिली; तुझ्या नोंदीत एकदाच आहे. ऑक्टोबरमध्ये एका पोराला मी सबंध वेळ मिस्टर ब्रेकी म्हणत होते. ब्रेकीला मी १९९४ साली तुरुंगात पाठवलं आणि तो तिथेच वारला. तुझ्या नोंदीत त्या पोराचं नाव प्रत्येक ठिकाणी बरोबर आहे.

आधी मला रडू आलं. मग तुझा इतका राग आला की खिडकी उघडून उभी राहिले, त्या थंडीत.

तुला एक सांगते, आजवर सांगितलं नव्हतं. वकिलीची परीक्षा पास होऊन पहिली नोकरी मागायला गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं, टाइपिंग येतं का. १९६९ सालची गोष्ट. मी म्हटलं, येत नाही, आणि ते खोटं होतं, माझा हात चांगला चालायचा. तेव्हाच ठरवलं की दुसऱ्याचं बोलणं लिहून घेणार नाही, माझं बोलणं लोक लिहून घेतील. अठरा वर्षांनी राष्ट्राध्यक्षांची सही असलेला कागद आला, रॅग्ना ट्वेट, फेडरल न्यायाधीश, तहहयात. शपथविधीला बाबा आले होते, दूधडेअरीचा वास धुऊन, शेजाऱ्याचा कोट घालून. जेवताना त्यांनी विचारलं, "आता तुला या खुर्चीवरून कोण उठवू शकतं?" मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "कोणीही नाही. मरेपर्यंत." बाबांनी बटाटा सोलता सोलता विचार केला आणि म्हणाले, "मग चुकलीस तर तुला सांगणार कोण?" मी हसले. बेचाळीस वर्षांची होते.

तू सांगू शकली असतीस. तू एकटीच. माझ्या तोंडातून निघालेला शब्द न् शब्द तुझ्या बोटांतून जायचा, माझ्याआधी तुला कळत होतं. आणि तू सांगण्याऐवजी मागून पुसत आलीस. ते मायेने केलंस हे मला कळतं. पण त्यामुळेच मी कोडी ल्यूकनसमोर कागदाशिवाय बसले, कारण मला वाटत होतं मी कधी चुकत नाही. त्याची मुलगी चार वर्षांची आहे. पाच वर्षांनी तो सुटला तर ती नऊ वर्षांची असेल, दहा वर्षांनी चौदाची.

आता काय करायचं ते मी ठरवलं आहे. बोलण्यातली उघड चूक जजला चौदा दिवसांच्या आत भर कोर्टात दुरुस्त करता येते. पंधराव्या दिवशी मलाही हात लावता येत नाही. चौदावा दिवस येत्या मंगळवारी, एकवीस तारखेला आहे. सकाळी नऊला सगळ्यांना बोलावलं आहे.

तू ये, तुझं स्टेनोचं यंत्र घेऊन ये. त्यांनी बदली मुलगी पाठवली आहे, चुणचुणीत आहे, पण मी काहीही बोलले की मान डोलावते. मला मान डोलावणारी नको. मी काय चुकले ते मला तुझ्या हातून लिहून हवं आहे.

आणखी एक बोलायचं आहे. ते पत्रात नको, नंतर कॅफेत बसू तेव्हा बोलू.

तुझी,
रॅग्ना ट्वेट


हेल्गेसन
गुरुवार, २३ फेब्रुवारी २०१७

प्रिय मार्लिस,

त्या वाऱ्यात नव्वद मैल गाडी हाकत सुखरूप पोचलीस, हे व्हर्नाने फोनवर सांगितलं. तिने असंही सांगितलं की तू लगेच झोपलीस. म्हणजे तू शेजारीच उभी होतीस.

मंगळवारी तू खाली मान घालून लिहीत होतीस, त्यामुळे बरंच तुला दिसलं नसेल. ते सांगते.

मी कागद उघडला तेव्हा लिंडक्विस्टने डोळे बारीक केले. त्याने मला कधी कागदावरून वाचताना पाहिलं नव्हतं. "सात तारखेला या कोर्टाने 'एकापाठोपाठ' हा शब्द वापरला. तो शब्द चुकीचा होता. चूक कोर्टाची होती, दुसऱ्या कोणाची नाही," इथपर्यंत मी नीट वाचलं. कोडीच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. तुरुंगात दोन आठवड्यांत माणूस ते शिकतो. 'एकत्र' हा शब्द आला तेव्हा त्याने वकिलाकडे बघितलं, वकिलाने पाचही बोटं वर केली, आणि मग तो पोरगा टेबलाला धरून खाली बसला, परवानगी न विचारता. मी बसू दिलं आणि त्याची माफी मागितली.

कोर्ट उठल्यावर डार्लीन जिन्यात उभी होती. केस संपली तरी जजने आरोपीच्या आईशी बोलू नये, मला माहीत आहे. ती म्हणाली, "माफ करा म्हणायला हवं होतं तुम्ही."

"म्हटलं ना, आत्ताच, कोर्टात."

"त्याला म्हणालात. चौदा दिवस मीही झोपले नाहीये."

मग मी तिलाही म्हटलं. ती म्हणाली, "बरं," आणि टोपी घालून गेली.

काल तू पाठवलेली मंगळवारची नोंद आली. वाचली. दुसऱ्या पानावर मी अडखळले होते, 'दोन्ही शिक्षा' म्हणताना 'दोन्ही मुलं' म्हणाले, मग थांबले, मग सुधारलं. ते सगळं आहे तसं आहे. 'दोन्ही मुलं', मग 'विराम', मग 'शिक्षा'. कितीतरी वेळ मी त्या पानावर हात ठेवून बसले होते. दोन वर्षांत पहिल्यांदा तू मला मी जशी आहे तशी लिहिलंस. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले.

आणि कॅफेत जे बोलायचं होतं तेही राहून गेलं. राहिलं कसलं, मी टाळलं. समोर बशीत आंबटगोड रुबार्ब-पाई होती आणि मी चाळीस मिनिटं हवामानावर बोलले. तू दोनदा विचारलंस, "ते आणखी एक काय होतं?" मी म्हटलं, "काही नाही, पाई चांगली आहे." पाई चांगली नव्हती. वेगळी होती.

तर इथे लिहिते. मंगळवारी सकाळी कोर्टात यायच्या आधी मी मुख्य न्यायाधीशांना पत्र टाकलं. गेल्या दोन वर्षांत मी कुठे कुठे चुकले ते त्यात आहे, तारखांसकट. आणि त्या चुका नोंदीत का दिसत नाहीत, हेही आहे. म्हणजे त्यात तुझं नाव आहे, मार्लिस. माझं आधी, तुझं नंतर, पण आहे.

तुझं नाव गाळून ते पत्र लिहायचा प्रयत्न मी केला. तीन वेळा. प्रत्येक वेळी ते खोटं झालं. जी नऊ ठिकाणं मला सापडली त्यांतल्या एकानेही कोणाच्या शिक्षेत फरक पडलेला नाही, असं मला वाटतं. पण मला वाटतं याला आता कितीशी किंमत आहे? म्हणून त्या दोन वर्षांतली माझी सगळी प्रकरणं दुसऱ्या कोणीतरी टेपशी ताडून बघावीत, असं मी मागितलं आहे. त्यात आणखी एखादा कोडी निघाला तर तो आपल्या दोघींच्या डोक्यावर आहे.

तुझी सनद जाऊ शकते. निवृत्तिवेतनाला हात लागेल असं मला वाटत नाही, पण माझ्यावर विसंबून बसू नकोस. वकील लाव. लिंडक्विस्ट गरीब आरोपींसाठी नेमलेला, सरकारी पगारावरचा वकील आहे, तो चालणार नाही. पण चांगला कोण ते त्याला विचार. माझं नाव सांगू नकोस, सांगितलंस तर तो घाबरून 'मीच लढतो' म्हणेल.

तू चिडशील. चीड. किल्ल्या टेबलावर आपटायच्या असतील तर अजून माझ्याच खणात आहेत.

माझं म्हणशील तर मंगळवारची ती शेवटची सुनावणी. एकतीस मार्चला राजीनामा लागू होईल. मधली अर्धनिवृत्ती, हलकी कामं, मानाची खोली, हे सगळं मला देऊ करतील. मी नाही म्हणणार आहे. काल मोठ्या डॉक्टरकडे गेले होते. त्याने पाच शब्द सांगितले, इकडचं तिकडचं बोलला आणि मग ते परत विचारले. मला दोन आठवले. तो म्हणाला, "घाबरू नका, अजून तपासण्या आहेत." मी म्हटलं, "मी घाबरले नाहीये, मी घाईत आहे."

घाई का, ते सांगते. तुझी चौकशी लागेल तेव्हा कारण विचारलं जाईल. तू ते मायेने केलंस, हे मुख्य न्यायाधीशांच्या पत्रात मी लिहिलं नाही, कारण ते माझं मत झालं, पुरावा नाही. पण मला साक्षीला बोलावलं तर मी येणार आहे. तीस वर्षं वरून बघितली ती साक्षीदाराची खुर्ची, तीत बसून, उजवा हात वर करून, सांगणार आहे की सव्वीस वर्षांत या बाईने स्वतःसाठी एक अक्षरही बदललं नाही. जे बदललं ते माझ्यासाठी, आणि एका माणसाची पाच वर्षं पणाला लागली तेव्हा माझ्यासाठीही बदललं नाही. हे मला शपथेवर, माझ्या तोंडून सांगायचं आहे. लिहून घेणारी कोणीतरी परकी असेल आणि ती माझी कुठलीच चूक सांभाळून घेणार नाही, म्हणून मला ते सगळं नीट आठवत असताना सांगायचं आहे.

तेव्हा मुख्य न्यायाधीशांना पत्राच्या शेवटी मी एकच विनंती केली आहे. चौकशी लवकर लावा. उन्हाळ्यावर ढकलू नका.

मला आठवतंय तोवर आणि त्यानंतरही, तुझी,

रॅग्ना